ऋणाची वही

बुलढाणा जिल्ह्यातील माणसाला ‘तुम्ही कुठले?’ असे विचारले, तर गावाचे नाव सांगण्याआधी तो ‘घाटावरचे’ किंवा ‘घाटाखालचे’ असे उत्तर देतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेली बुलढाणा, चिखली, मेहकर ही गावे घाटावरची. राजूरचा घाट उतरून गेले की मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव ही घाटाखालची. आम्ही घाटाखालचे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील ज्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात, त्याच्या काठावर आमचे गाव आहे. जमीन काळी आणि कसदार. परंतु तिच्या पोटातले पाणी खारे. विहीर खणली तरी ते पाणी पिकाला चालत नाही आणि माणसालाही सोसत नाही. त्यामुळे आमच्या सात एकर वावराची सारी भिस्त पावसावर. कापूस, तूर आणि थोडे सोयाबीन, एवढाच आमचा संसाराचा आधार.

गावात ख्रिस्ती घरे मोजून चार. फादर महिन्यातून एकदा येतात आणि कोणाच्या तरी ओसरीवर मिस्सा होते. उरलेल्या रविवारी आम्ही घरीच शुभवर्तमान वाचतो, जपमाळ म्हणतो. रोजची सायंप्रार्थना मात्र आमच्या घरात चुकलेली नाही. ही गोष्ट आम्ही अभिमानाने सांगत असू. त्या अभिमानाला तडा कसा गेला, ते आज सांगावयाचे आहे.

या त्रैमासिकाच्या पानांतून कौटुंबिक प्रार्थनेविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि ते आम्ही आवडीने वाचतो. परंतु घरातल्या पैशाविषयी, विशेषतः कर्जाविषयी, आपण ख्रिस्ती माणसे फारसे लिहीत नाही. जणू काही देवघर आणि पैशाची पेटी ही दोन वेगळ्या घरांत असतात. आम्हीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. म्हणून आम्ही उभयतांनी विचार करून हे लिहिले आहे. ज्या घरात आज कोणी काही लपवून ठेवले असेल, त्या घरातल्या एखाद्याला त्याचा उपयोग व्हावा.

२०१७ चा हंगाम विदर्भातला शेतकरी विसरणार नाही. गुलाबी बोंडअळीने त्या वर्षी कापसाचे मोठे नुकसान केले. बाहेरून बोंड चांगले दिसे. उकलून पाहिले की आत सडलेली सरकी आणि किडका, पिवळा पडलेला कापूस. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा अळीची चिंता मिटली असे आम्हा सर्वांना वाटले होते. पंधरा वर्षांत अळीने त्या बियाण्याशीही जमवून घेतले. आमच्या वावरात दुसऱ्या वेचणीनंतर पऱ्हाटी उपटून टाकावी लागली.

परंतु आमच्या घरातली अळी त्याआधीच आत शिरलेली होती. २०१६ च्या अखेरीस मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचे पैसे भरावयाचे होते आणि त्याच सुमारास घरात एक दुखणे निघाले. आमच्यापैकी एकाने गावाबाहेरच्या एका सावकाराकडून ८०,००० रुपये घेतले. व्याज शेकडा तीन, तेही दरमहा. पहिले पाच महिने २,४०० रुपये प्रमाणे व्याज गेले. पुढे ते थांबले. दुसऱ्याला यातले काहीही ठाऊक नव्हते. पैसे नातेवाइकांकडून हातउसने मिळाले, असे सांगण्यात आले होते आणि त्यावर विश्वासही ठेवला गेला होता.

कोणी घेतले आणि कोणापासून लपविले, हे येथे लिहीत नाही. तसे आमचे ठरले आहे. त्याचे कारण पुढे येईल.

१४ फेब्रुवारी २०१८ हा राखेचा बुधवार होता. आमच्याकडे त्या दिवशी फादर येऊ शकले नव्हते. आम्ही संध्याकाळी घरीच प्रार्थनेला बसलो होतो. घरातली आजी नेहमीप्रमाणे मध्यभागी. प्रभूने शिकवलेली प्रार्थना सुरू असताना दाराशी मोटारसायकल थांबली. सावकाराचा माणूस होता. आत न येता तो उंबऱ्याशी उभा राहून म्हणाला, “मालकानं इचारलं, चौदा महिने झाले, नऊ महिन्यांचं याज राह्यलं. कागद बाहेर काढाचा का?” कागद म्हणजे सही केलेला कोरा स्टँप पेपर. एवढे बोलून तो निघून गेला. मुले आमच्याकडे पाहत राहिली. आम्ही एकमेकांकडे पाहू शकलो नाही.

त्या शांततेत आजीने प्रार्थना जिथे तुटली होती तिथून पुढे उचलली. येथे आजीविषयी थोडे सांगितले पाहिजे. तिचे माहेर खामगावकडचे, अलायन्स मिशनच्या मंडळीतले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात आलेल्या त्या मिशनच्या घराण्यांत बायबलचे जुने मराठी भाषांतर तोंडपाठ असे. मिस्सेत आपण ‘अपराध’ म्हणतो. जुन्या भाषांतरात, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, त्या जागी ‘ऋण’ हा शब्द आहे. आजी लग्न होऊन कॅथॉलिक घरात आली, तरी त्या एका शब्दाला तिने कधी सोडले नाही. आम्ही तिच्या त्या शब्दाला हसत असू. त्या संध्याकाळी तिच्या तोंडून ‘ऋण’ हा शब्द निघाला आणि आमच्यापैकी एक जण उठून आत निघून गेला.

पुढे आम्ही फादरांना विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की आजीचा शब्द चुकीचा नाही. मत्तयाने लिहिलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘देणे’, ‘कर्ज’ असाच आहे. लूकच्या शुभवर्तमानात त्या जागी ‘पाप’ असा शब्द येतो. म्हणजे आपल्या ख्रिस्तसभेच्या अगदी आरंभीच्या पिढीतही ही प्रार्थना दोन शब्दांनी म्हटली जात होती. प्रभू ज्या गालीलात फिरला, तिथली माणसे शेतकरी, कोळी, मजूर होती. त्यांना ‘ऋण’ या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नसे. आम्हालाही त्या बुधवारनंतर सांगावा लागला नाही.

तीन दिवस आमच्या घरात कामापुरते बोलणे झाले. संत पौलाने इफिसकरांना लिहिले आहे की राग मनात धरून सूर्य मावळू देऊ नये. आम्ही तीन सूर्य मावळू दिले. आम्ही संसारी माणसे आहोत, म्हणून अनुभवाची एक गोष्ट सांगतो: पैशाचे बोलणे रात्री, थकल्या देहाने आणि उपाशी पोटी कधीही काढू नये. सूर्य मावळण्याआधी राग सुटत नसेल, तर निदान एवढे म्हणावे, ‘उद्या सकाळी आपण बोलू, मी उठून जाणार नाही.’ तेवढ्याने रात्र निभते. आम्ही तेवढेही म्हटले नव्हते, म्हणून त्या तीन रात्री फार लांब झाल्या. आमच्या या वऱ्हाडात अशा लांब रात्रींनी किती घरे उद्ध्वस्त केली आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. तो कशासाठी होता, हे येथल्या लहान मुलालाही सांगावे लागत नाही. तिसऱ्या रात्री आमच्यापैकी एक जण दुसऱ्याच्या नकळत जागा राहिला आणि कीटकनाशकाचा डबा गोठ्यातून काढून शेजाऱ्याकडे ठेवून आला. पहाटे हे समजले तेव्हा आम्ही दोघेही रडलो. बोलणे तिथून सुरू झाले.

शनिवारी सकाळी आम्ही मुलाच्या शाळेची एक अर्धी कोरी वही घेतली. आजीला बोलावले. मुलांनाही बसविले, मोटारसायकल त्यांनीही पाहिली होती, मग लपवायचे कोणापासून? वहीत आम्ही पहिल्यांदा सारे लिहिले. मुद्दल ८०,०००. थकलेले व्याज, नऊ महिन्यांचे, २१,६००. एकूण १,०१,६००. आकडा कागदावर उतरला तेव्हा एक नवल झाले. मनात तो जेवढा मोठा होता, त्याहून तो वहीत लहान दिसला. अंधारात खुंटीवरचा सदरा माणसासारखा दिसतो आणि दिवा लावला की सदराच असतो, तसे काहीसे झाले.

त्याच दिवशी आम्ही ठरविले की घरात ‘तुझे कर्ज’ हा शब्द वापरावयाचा नाही. ‘आपले कर्ज’ म्हणायचे. लपविले गेले ही चूक झाली आणि तिची क्षमा मागितली गेली. क्षमा दिलीही गेली, मात्र एका दिवसात नाही. पास्काच्या सणापर्यंत वेळ लागला. परंतु देणे त्या सकाळीच दोघांचे झाले. म्हणूनच आजही कोणी घेतले ते आम्ही सांगत नाही. विवाहसंस्कारात सुखदुःखात सोबत राहण्याचे वचन आपण देतो. त्या वचनात सावकाराची चिठ्ठीही येते, हे आम्हाला लग्नाच्या वेळी कोणी सांगितले नव्हते.

पुढच्या रविवारी फादर आले. त्यांनी पैसे दिले नाहीत आणि आम्ही मागितलेही नाहीत. ते वही घेऊन आमच्यासोबत तासभर बसले आणि म्हणाले, “हा माणूस परवानाधारक आहे का, ते आधी विचारा.” तो नव्हता. तेव्हा आम्हाला समजले की महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारीचा नवा कायदा आहे. परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवाना असलेल्यालाही शासनाने ठरविलेल्या दराहून अधिक व्याज घेता येत नाही. आणि कर्जापोटी जमीन बळकावली गेली असेल, तर सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ती परत करण्याचा आदेश देऊ शकतात. वेळेवर फेडणाऱ्या शेतकऱ्याला बँकेचे पीककर्ज सवलतीनंतर वर्षाला चार टक्क्यांच्या घरात पडते. आमचे शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के होते. हा हिशेब आम्ही शिकलेली माणसे असूनही कधी मांडला नव्हता.

फादरांनी त्या दिवशी नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय वाचून दाखविला. दुष्काळात लोकांनी धान्यासाठी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली होती, पोटची मुले दास्यात दिली होती. नहेम्याने सावकारांना बोलावून सारे परत करावयास लावले आणि घेतलेला ‘शंभरावा भाग’ही परत मागितला. अनेक भाष्यकार तो शंभरावा भाग म्हणजे दरमहा शेकडा एक व्याज, असे मानतात. ज्या व्याजाने नहेम्या संतापला, त्याच्या तिप्पट व्याज आम्ही मुकाट्याने देत होतो.

आपल्या ख्रिस्तसभेने या दुःखाकडे पाठ फिरविलेली नाही, हेही त्या दिवसांत कळले. इटलीतील पेरुजा येथे १४६२ मध्ये फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेने गरिबांना अल्प व्याजात गहाणावर पैसे देणारी पेढी निघाली. छोटा नागपुरात फादर हॉफमन यांनी १९०९ मध्ये आदिवासींसाठी सहकारी पतसंस्था उभारली. आपल्या वसईत मोन्सेनियर मोनीस यांनी १९१८ मध्ये स्थापन केलेली बॅसीन कॅथॉलिक बँक तर सर्वांना परिचित आहे. प्रार्थना आणि हिशेब एका टेबलावर मांडण्याचे धाडस या धर्मगुरूंनी केले होते. आम्ही मात्र दोहोंच्या मध्ये भिंत घातली होती.

सावकाराकडे आम्ही दोघे, फादर आणि गावातले एक जाणते गृहस्थ असे गेलो. भांडण केले नाही. मुद्दल पुरते देऊ, थकलेले व्याज देणार नाही आणि कोरा कागद परत हवा, एवढेच सांगितले. उपनिबंधकांचे नाव निघाल्यावर त्याने थोडा विचार केला आणि मान्य केले. पाच महिन्यांचे व्याज त्याला मिळालेलेच होते. घरातले सोने मोडून ४२,००० आले, उरलेल्या कापसाचे १८,००० आले आणि महिला बचत गटाकडून २०,००० मिळाले. १९ मार्च २०१८ रोजी, संत योसेफाच्या सणादिवशी, आम्ही पैसे दिले आणि तो कागद घरी आणून चुलीत घातला. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला आमची हात जोडून विनंती आहे: कितीही अडचण असो, कोऱ्या कागदावर सही करू नका.

येथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. परंतु प्रार्थनेतील त्या ओळीला दोन बाजू आहेत. आमच्या वहीतही दुसरे पान होते.

सोने मोडण्याआधी आम्ही, आपले कोणाकडे काय येणे आहे, तेही लिहून काढले होते. त्यात शेजारच्या मावशींचे ६,००० रुपये होते. २०१५ मध्ये मृगाच्या तोंडावर बियाण्यासाठी त्यांनी ते नेले होते. नवरा वारलेला, दोन एकर वावर. आमच्यापैकी एकाचे मत पडले की आता आपलीच वेळ आहे, मागायला हवेत. दुसऱ्याचे मत पडले की मागू नयेत. यावर आमचा असा वाद झाला की सावकाराच्या कर्जावर झाला नव्हता. आजी बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, “देवाजवळ मांगता एक, अन् तिच्याजवळ मांगता दुसरं. देव काय दोन वह्या ठेवते का?”

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय दासाचा दाखला आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्याचे दहा हजार तालांत माफ झाले आणि त्याने शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. आम्हाला नेहमी वाटे की शंभर दिनार म्हणजे अगदी किरकोळ रक्कम. त्या रात्री आम्ही हिशेब केला. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. आमच्या गावात शंभर दिवस रोजाने जाणाऱ्याला विचारा, ती रक्कम किरकोळ आहे का! एका तालांताचे सुमारे सहा हजार दिनार होत, म्हणजे दासाचे देणे सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे होते. ते कोणत्याही माणसाला फेडता येण्यासारखे नव्हते. प्रभूला ठाऊक होते की गरिबाने गरिबाचे देणे सोडणे हे खरोखरच जड आहे. त्याने ते हलके असल्याचे सांगितले नाही. ते ज्याच्यापुढे ठेवून मोजायचे, ते मोठे देणे मात्र दाखवून दिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मावशींकडे गेलो आणि म्हणालो की ते पैसे फिटले असे समजा. आम्हाला वाटले होते, त्या आनंदित होतील. त्यांचा चेहरा उतरला. “मले उपकार नोको बापा,” त्या म्हणाल्या, “तुमच्या घरात काय चाललं हाये थे मले दिसते. मी येचणीले येईन, त्यात कापा.” आम्ही गप्प झालो. ऋण सोडणे हासुद्धा एक मोठेपणा होऊ शकतो आणि तो दुसऱ्याच्या पाठीवर ओझे होऊन बसतो, हे आम्हाला त्यांनी शिकविले. पुढच्या हंगामात त्या वेचणीला आल्या. काही दिवसांची मजुरी त्यांनी हट्टाने घेतली नाही. मग एका दुपारी बांधावर भाकरी खाताना त्या म्हणाल्या, “आता बाकीचं तुमी सोडा.” आम्ही सोडले. तेव्हा ते त्यांना घेता आले. किती सोडायचे हे घेणाऱ्यालाही ठरवू द्यावे, असे आम्हाला तेव्हापासून वाटते.

शासनाच्या कर्जमाफ्या २००८, २०१७ आणि २०१९ मध्ये आल्या. त्यांनी अनेकांना श्वास घेता आला. परंतु परवाना नसलेल्या सावकाराच्या वहीपर्यंत त्या पोचत नाहीत, आणि नवराबायकोत जे लपविले जाते त्याची माफी कोणत्याही शासनाला देता येत नाही. लेवीयाच्या पुस्तकात दर पन्नासाव्या वर्षी गहाण पडलेली जमीन मूळ घराण्याला परत देण्याची आज्ञा आहे. तिचे स्मरण करून पोप फ्रान्सिस यांनी २०२५ च्या ज्युबिली वर्षासाठी श्रीमंत राष्ट्रांना गरीब राष्ट्रांची कर्जे सोडण्याचे आवाहन केले होते. राष्ट्रांनी काय केले ते त्यांना ठाऊक. आमच्या घरापुरती आम्ही ज्युबिली दर रविवारी मांडतो.

ती अशी. रविवारी संध्याकाळी जपमाळ झाली की वही निघते. आठवड्यात काय आले, काय गेले, कोणाला दिले, कोणाकडून घेतले, हे लिहितो. दोघेही सही करतो. पाचशेच्या वरचे कोणतेही घेणे-देणे दुसऱ्याला सांगितल्यावाचून होत नाही. नातेवाइकाला द्यायचे असेल, तर जेवढे विसरता येईल तेवढेच देतो. विसरता येणार नाही एवढी रक्कम देऊन नाते तोडण्यापेक्षा ‘नाही’ म्हणणे बरे. मुलीचे लग्न झाले ते मांडव लहान ठेवून. लोक बोलले, परंतु एकही रुपया कर्जाचा नव्हता. वावराविषयी आम्ही दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र केले आहे आणि त्यात मुलाइतकाच वाटा मुलीला ठेवला आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानेही ख्रिस्ती मुलगा आणि मुलगी समान वाटेकरी आहेत. पुष्कळ घरांत ही गोष्ट मुलींना सांगितलीच जात नाही.

पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबासाठी तीन शब्द पुन्हा पुन्हा सांगितले: कृपया, आभार आणि क्षमा. २०१६ च्या त्यांच्या कुटुंबविषयक प्रबोधनपत्रातही ते आहेत. आम्ही आमच्यापुरता चौथा शब्द जोडला आहे: ‘किती?’ हा शब्द प्रेमाने विचारता आला पाहिजे आणि न घाबरता त्याचे उत्तर देता आले पाहिजे. टाळेबंदीच्या काळात आमच्या मुलाने मोबाइलवरून एका ॲपचे कर्ज घेतले. आठव्या दिवशी रविवार होता. वही निघाली, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “माझंही एक लिहायचं हाये.” आम्ही रागावलो नाही असे नाही. परंतु आधी ‘किती?’ असे विचारले. तो सात दिवसांत बोलला. आमच्यापैकी एकाला चौदा महिने लागले होते.

आजी आता नाही. शेवटच्या दिवसांत तिला बाकी फारसे आठवत नसे. ती प्रार्थना आठवे आणि तो शब्दही. मिस्सेत आम्ही सर्वांसोबत ‘अपराध’ म्हणतो. घरी मात्र आता सगळेच ‘ऋण’ म्हणतात, मुलेसुद्धा. या रविवारी वहीत तीन नोंदी आहेत: खताच्या दुकानाचे १,२०० देणे, बचत गटाचा हप्ता भरला आणि मावशींच्या नातवाला शाळेच्या वह्यांसाठी ३०० दिले. शेवटच्या नोंदीपुढे परतफेडीची तारीख नाही. दोघांच्या सह्या मात्र आहेत.